ठसका लागलाच नाही

बाळ खोकत नव्हतं. रडतही नव्हतं. तोंड उघडं, ओठ निळसर, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि आवाज म्हणून काहीच नाही.

सासूबाईंनी नुकतीच त्याची दृष्ट काढायला घेतली होती. छाती घरघरत होती ना, म्हणून. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या ओवाळल्या नि तापल्या तव्यावर टाकल्या. घाटकोपरच्या डोंगरावरची आमची एकच खोली, दार-खिडकी लावलेली.

मिरच्या काळ्या पडल्या. ठसका कुणालाच नाही.

"बघितलंस? वाससुद्धा नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "केवढी लागलीय माझ्या राजाला!"

ठसका नाही म्हणजे दृष्ट भारी, असं मानतात आमच्यात.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण ढासायला लागली. "अगं ए, मारता काय आम्हाला? वर्षाचा मसाला आजच भाजताय?" मग तिची पोरं खोकायला लागली. मग गल्लीतलं कोणीतरी. बाहेर सगळे खोकतायत आणि आत आम्ही तिघं गप्प. तेव्हा कळलं, धूर तिखटच आहे. आम्हालाच लागत नाहीये.

मी बाळाला उचललं. सासूबाईंनी ओढणी धरली. "दृष्ट अर्धी टाकून उंबरा ओलांडू नको गं, उलटेल!"

ओढणी त्यांच्या हातातच राहिली. मागून त्याही अनवाणी धावत रिक्षात चढल्या.

दवाखान्यात त्याला वाफेचं मशीन लावलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "तुम्हाला दोघींना ठसका नाही लागला? काम काय करता?"

"मसाल्याच्या गिरणीत. आधी ह्या होत्या, आता मी."

त्या म्हणाल्या, श्वासाच्या नळीत बारीक नसा असतात. मिरची लागली की त्यांना वाटतं आग लागली, मग त्या खोकायला लावतात. "तुमच्या रोज सोसून सोसून दमल्या असतील. त्याच्या नव्या आहेत. नळीच आवळली त्याची."

बऱ्याच वेळाने तो खोकला. मी रडले. सासूबाईंनी हात जोडले. "लागला ठसका. उतरली."

आता बरा आहे. पण संध्याकाळी मी गिरणीतून येते, केसांवरून पाणी घेते, कपडे बदलते, तरी जवळ घेतलं की तो खोकतो. मी ओढणी हुंगते, हात हुंगते. मला कसलाच वास येत नाही. सासूबाई मिरच्यांच्या बरणीकडे बघतात. "त्या दिवशीची दृष्ट अर्धीच राहिलीय," म्हणतात.

त्याचं औषध याच गिरणीच्या पगारातून येतं. आणि मी दारात आले की तो दोन्ही हात पसरतो.

तुम्ही काय केलं असतं?