चाळीस बागांना गेलेली नोटिफिकेशन

आमच्या बागायतदारांचं ॲप बनवणाऱ्या पनवेलच्या इंजिनिअरने मला फसवलं. चूक झाली, गैरसमज झाला, असलं काही नाही. फसवलं.

मी आंब्याच्या बागा मोहोरावर घेते, म्हणजे फळ धरायच्या आधीच झाडं बघून मालकाशी सौदा करते. काशीदच्या रस्त्यावर टोपली घेऊन बसायचे, तिथून इथवर आले ती मनातलं तोंडावर न दाखवता. बाग आवडली की मी झाडांकडे बघतच नाही. पाणी मागते, विहिरीची चौकशी करते आणि निघताना म्हणते, "मोहोर जरा काळा पडलाय, नाही?"

हे ॲप आलं तेव्हा चौल-रेवदंड्याच्या निम्म्या मालकांना मीच त्यावर आणलं. मालक मोहोराचे फोटो टाकतात, आम्ही व्यापारी बघतो. एकेक बाग शोधत बसायला नको म्हणून इंजिनिअरने फॉलोचं बटण दिलं. मी त्याला समोर बसवून विचारलं होतं, "मी फॉलो केलं तर मालकाला कळेल?"

"नाही काकी. फक्त तुमच्या यादीत दिसेल."

त्याच्या शब्दावर मी चाळीस बागा फॉलो केल्या. त्यात चौलच्या एका निवृत्त गुरुजींची साठ झाडांची बाग होती. ती मला हवीच होती. यंदा ते पहिल्यांदाच बाग बाहेर द्यायला तयार झाले. मी दोनदा जाऊन सांगून आले, की मला नवीन बाग घ्यायचीच नाहीये, सहज डोकावले. निघताना काळ्या मोहोराचं नेहमीचं वाक्यही टाकलं.

तिसऱ्यांदा गेले तर गुरुजी पडवीत मोबाईल हातात घेऊनच बसलेले. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. माझं नाव, पुढे 'यांनी तुम्हाला फॉलो केलं', खाली तारीख गेल्या वर्षीची.

आतून त्यांची बायको म्हणाली, "अगं, काळा मोहोर वर्षभर बघत होतीस होय? आवड बाई एकेकाची!"

गुरुजी हसले नाहीत. "बाई, भावात ओढाताण चालते. पण तुम्ही मला वेड्यात काढलंत." त्यांनी बाग मुरूडच्या व्यापाऱ्याला दिली.

मी पडवीतून उतरले ती इंजिनिअरला फोन लावतच.

"काकी, सगळ्या ॲपमध्ये फॉलोची नोटिफिकेशन असते. लोकांना आवडतं. म्हणून आपणही या आठवड्यात सुरू केली."

"मग आजपासूनची पाठवायची. गेल्या वर्षीची कशाला उकरलीस?"

"नोटिफिकेशनच्या घंटेवर टिचकी मारल्यावर रिकामं दिसलं असतं ना. म्हणून जुने फॉलोपण भरले."

रिकामं दिसू नये म्हणून! आणि वर मलाच विचारतो, यात लपवण्यासारखं काय आहे? अरे, गुरुजी मला म्हणाले होते, चार व्यापारी विचारून गेले. एकही आला नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. सौदा असाच होतो. त्यांची थाप त्यांच्यापाशी राहिली. माझी तू मोबाईलवर काढून दाखवलीस.

बटण दाबलं तेव्हा कळणार नाही असा त्याचा शब्द होता. तो बदलायचा तर आधी मला का विचारलं नाही? आणि उरलेल्या एकोणचाळीस मालकांच्या दारात मी आता कोणतं तोंड घेऊन जाऊ? फोनवर नको. त्याने चौलला यावं आणि माझ्यासमोर उभं राहून याचं उत्तर द्यावं.