बर्गरखाली लिहिलेला आकडा

त्या दिवशी थंडी असून नसल्यासारखी होती. पहाटे तारापूरकडून खारा वारा येत होता तो उजाडल्यावर पडला, आणि कारखान्यांचा धूर असा खाली बसला की रस्त्यापलीकडचं मेडिकलसुद्धा पुसट दिसत होतं. ऊन आलं तेही फिकं, ताकात पाणी घातल्यासारखं.

बोईसरला बर्गरच्या एका दुकानात मी दार उघडायचं काम करतो. काचेचं दार. गिऱ्हाईक आलं की ओढायचं, गेलं की सोडायचं. त्याआधी बरीच वर्षं एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर होतो. शाळेत गेलो नाही; ट्रकांचे नंबर लिहून घेता घेता अक्षरं हाताला लागली, त्यावरच चाललंय. पण दारावरच्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. आत जाताना माणूस अर्धं बोलतो, बाहेर पडताना उरलेलं. मी मधे उभा. दोन अर्धी जोडायला माझ्याकडे वेळच वेळ!

तर त्या धुरकट सकाळी दुकानात नवा बोर्ड लागला. बर्गरचं चित्र, खाली किंमत, आणि किमतीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा. मॅनेजर प्रफुल्लसाहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "ह्या कॅलरी. वरून आदेश आलाय. आपण पोटात काय घालतोय ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे."

काउंटरवर दर्शना असते, नवापूरची पोरगी, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "सर, कळलं तर घेतील का?"

"लावायचं काम आपलं. वाचायचं त्यांचं!"

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पालघरचं एक पेन्शनर जोडपं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोर्ड वाचला आणि एकदम खूश झाले. "अगं, साडेचारशेचा बर्गर दीडशेला लावलाय! दोन घेऊ."

दर्शना म्हणाली, "काका, ती जुनी किंमत नाही. त्या कॅलरी आहेत. जितक्या जास्त तितक्या अंगाला वाईट."

काकांनी चष्मा पुसून बोर्ड पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "मग त्याच्यावर काही सूट आहे का?"

* * *

माझी शेजारीण सोमीबाय. सालवडला आमच्या चाळीत भिंतीला भिंत. मूळची जव्हारकडच्या डोंगरातली, आता दुकानाच्या मागच्या खाणावळीत भांडी घासते. दुपारी काम आवरलं की आमच्या दुकानाबाहेरच्या पायरीवर जरा टेकते.

तिच्याकडे तिच्या लेकीची लेक असते, रेवू. तीन-चार वर्षांची, काडीसारखी. लेक आणि जावई दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाला परततात. ह्या वर्षी पोरीला आजीजवळ ठेवली. पण अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात, आणि पोरीचं वजन हलेचना. जावयाच्या कानावर गेलं. त्याने फोनवर सांगितलं, "पुढच्या वजनाला मी येतो. नाय वाढला तर पोरीला भट्टीवर नेतो. उपाशी राहायची तर आमच्याजवळ राहील."

भट्टीवर लहान पोरं कशी राहतात ते सोमीबायला ठाऊक आहे. तिने स्वतःची तिथेच वाढवलीत. सगळी नाही वाढली.

तिने काचेतून तो बोर्ड पाहिला आणि मला विचारलं, "दादा, ता खाली बारीक काय लिवलाय?"

प्रफुल्लसाहेब दारातच होते. घाईत म्हणाले, "आजी, त्यात ताकद किती ते लिहिलंय."

"मोठा आकडा म्हंजे मोठी ताकद?"

"हो, तसंच."

सोमीबाय उठली. काचेला नाक लावून एकेका चित्रावर बोट ठेवत मला आकडा विचारत गेली. त्या बोर्डाकडे बघणारा जो तो कमी आकडा कुठला ते शोधत होता. मोठा शोधणारी मी ती एकटीच पाहिली.

तिचं पुढे काय झालं ते सांगतो. पण मधे जे घडलं ते आधी सांगतो, नाहीतर राहून जाईल.

* * *

जिमला जाणारा एक तरुण येतो. दंड असे की बाही रडते. त्याने चिकनचा बर्गर घेतला, वरचा पाव काढला, खालचा काढला, मधली टिक्की तेवढी खाल्ली. मला म्हणाला, "अंकल, प्रोटीन फक्त ह्यात असतं. पाव म्हणजे नुसता मैदा." आणि वर थंड्याचा मोठा ग्लास रिकामा केला. त्यात साखर किती ते ट्रेमधल्या कागदावरच छापलेलं होतं, पण ग्लास त्याच्यावरच ठेवला होता!

जाताना दोन्ही पाव त्याने बाहेरच्या कुत्र्याला टाकले. कुत्र्याने हुंगले, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून पलीकडे जाऊन बसला.

दर्शना आतून ओरडली, "काका, तोपण जिमला जातो वाटतं!"

* * *

दर्शनाची आई एकदा बाजारात मासळी विकून थेट दुकानात आली. लेक काय विकते ते बघायला. टोपली मी दाराशी ठेवून घेतली. दर्शनाने तिला बर्गर दिला. आईने तो खाल्ला नाही, उघडला. मासा ताजा आहे का ते कल्ला उचलून बघतात, तसा.

"साहेब, ही कोंबडी कदी मारली?"

प्रफुल्लसाहेब म्हणाले, "मावशी, ती फ्रोजन येते. महिनोन् महिने टिकते."

"म्हंजे सुकी!"

"नाही नाही, सुकी नाही."

"मग ताजी?"

"तशी ताजीही नाही…"

"ताजी नाय, सुकी नाय. मग हाय कोन ही?"

मावशींनी एक घास घेतला, जीभ टाळ्याला लावून चव पाहिली. म्हणाल्या, "मीठ तर सुक्या बोंबलाएवढा हाय. पन बोंबील आमी एक खातो नि त्याच्यावर भात खातो ताटभर. तुमी बोंबीलच ताटभर खाता!"

टोपली उचलून निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "भाऊ, पोरीला सांगा, रातचा जेवन घरीच हाय."

* * *

प्लांटमधले एक साहेब आणि बाईसाहेब रविवारी येतात. दोघांच्या मनगटावर पावलं मोजायची घड्याळं. बोर्ड लागल्यावर त्यांनी दोघांत एक बर्गर घेतला, सुरीने बरोबर मधून कापला. खाऊन झाल्यावर हिशेब केला की एवढं जिरवायला किती चालायला हवं, आणि पार्किंगमध्ये फेऱ्या सुरू केल्या. मी दारातून बघतोय. गोल, गोल, गोल.

बऱ्याच वेळाने दोघं घामेजून परत दाराशी. मी दार ओढलं. साहेब खाली मान घालून म्हणाले, "काका, चालून चालून भूक लागली हो!"

ह्या वेळी दोन घेतले. सुरी मागितली नाही.

* * *

यूपीचा एक कामगार आहे, रामसमुझ. केमिकल कंपनीत लोडिंगला. पगार झाला म्हणून बर्गर खायला आला. खाल्ला, बोटं पुसली, बाहेर आला आणि सरळ मागच्या खाणावळीकडे निघाला.

मी म्हटलं, "अरे, अभी तो खाया!"

"चाचा, बोर्ड पे सब लिखा है. नमक कितना, चीनी कितनी, तेल कितना. भूख कितनी जाएगी, वो तो लिखा ही नहीं!"

खाणावळीचा विषय निघाला तसा तो आणखी एक बोलला, ह्या वेळी हसत नव्हता. "वो आपकी पड़ोस वाली अम्मा हैं ना, बर्तन वाली? सेठ उनको रोज थाली देता है. खाती नहीं. चाय पीती हैं, और थाली बाँध के घर ले जाती हैं."

सोमीबाय मला रोज सांगायची, "दादा, मी खानावलीतच जेवून येते."

* * *

आता तिचं.

वजनाला तीन आठवडे उरले होते तेव्हा एका दुपारी ती रेवूला घेऊन दुकानात आली. पोरीला फ्रॉक धुतलेला, केसाला तेल. पदराची गाठ सोडली आणि दर्शनाला म्हणाली, "ता सगल्यात मोठा आकडा दे."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही दार सोडून त्यांच्या टेबलाशी गेलो. दर्शना स्वतः ट्रे घेऊन आली. डबल चीजचा बर्गर रेवूच्या तोंडाएवढा होता.

पोरीने तो दोन्ही हातांनी धरला. खाल्ला नाही. तोडला. एक तुकडा आजीपुढे, एक माझ्यापुढे, एक दर्शनापुढे. सगळ्यात लहान आपल्यापुढे. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

सोमीबाय कळवळली. "अगो, ता तुजा हाय! सगली ताकद वाटून टाकलीस काय?"



मी माझा तुकडा तोंडात टाकला. दर्शनानेही टाकला. पोरीने आमच्याकडे पाहिलंच नाही. तिचा डोळा आजीच्या तुकड्यावर.

"माजा पोट भरलाय," सोमीबाय म्हणाली आणि आपला तुकडा पोरीपुढे सरकवला. "खा."

पोरीने तो परत आजीपुढे सरकवला. आणि तोंड मिटून घेतलं. हे इतक्या सवयीने झालं, दोघींकडून, की रोजचंच आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी मला ऐकू यायचं, "खा ग", "तू खा", "माजा झाला". मला वाटायचं, पोर लाडात आहे.

दर्शना म्हणाली, "आजी, तुमी खाल्ल्याबिगर ती नाय खायची."

सोमीबायने मान खाली घातली आणि तो तुकडा खाल्ला. तिचा घास गिळून झाल्यावर रेवूने आपला उचलला.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी माझं ताट घेऊन तिच्या ओट्यावर जायला लागलो. म्हटलं, "सोमीबाय, बायको गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही. इथे बसू का?" दारात ताट घेऊन आलेल्या माणसाला डोंगरातली बाई नाही म्हणत नाही, आणि त्याला एकट्याला जेवूही देत नाही. माझी डाळ, खाणावळीची थाली, तिची नाचणीची भाकर. दर्शनाच्या आईला कळल्यावर तिने सुकट पाठवली, निरोपासकट: "चिमूटभरच घ्या!" आम्ही तिघं बसायचो. रेवू सगळ्यांना वाटायची, मग सगळ्यांच्या तोंडांकडे बघायची, मग जेवायची. घाई कुणालाच नव्हती.

बर्गर पुन्हा कुणी आणला नाही.

वजनाच्या दिवशी जावई भट्टीवरून आला. मला दुकानातून सुट्टी नव्हती, पण अंगणवाडी काही लांब नाही; प्रफुल्लसाहेब म्हणाले, "जा काका, दार मी ओढतो." मी पोचलो तेव्हा ताईने रेवूला काट्यावर उभी केली होती. जावई भिंतीला टेकून, हाताची घडी. ताईने वाकून पाहिलं. पुन्हा उभी केली. पुन्हा पाहिलं.

"वाढलंय," ती म्हणाली. "चांगलं वाढलंय. आजी, काय देता हिला?"

सोमीबायने माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "जेवन."

जावयाने हाताची घडी सोडली. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, अंगणवाडीच्या दारात जाऊन बायकोला फोन लावला. "राहू दे हिला इथंच," तो म्हणत होता. "आय ठेवते बराबर."

ताई पुढच्या मुलाकडे वळली. सोमीबाय काट्यापाशीच रेंगाळली. इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि पदर सावरून हळूच त्याच्यावर उभी राहिली. तिला आकडे येत नाहीत. मला खुणेने बोलावून विचारलं. मी वाचून सांगितलं. आधी एकदा खाणावळीतल्या पिठाच्या काट्यावर उभी राहिली तेव्हा कुणी तिला आकडा सांगितला होता, तो तिच्या लक्षात होता. दोन्ही ताडून पाहिले तशी ती पटकन खाली उतरली, चपला पायात सरकवल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"दादा, पोरीचा वाढला ता ताईनं लिवून घेतला. माजा वाढला ता कुनाला सांगू नको!"