रिकाम्या बाकांचे फोटो

गेल्या तीस वर्षांत आमच्या इस्माइलिया शहरात ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या लोकांना फोटोग्राफर उस्ताज बहगतनी "हनुवटी जरा वर" म्हणून सांगितलेलं आहे. मलाही. माझ्या लग्नाच्या फोटोत मी छतावर पाल दिसल्यासारखी बघते आहे.

मग घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले आणि त्यांचा स्टुडिओ बसला. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको इनसाफ गेली. लोक भेटायला आले तर हे दारात उभे राहून सगळ्यांचा हात हातात घेत होते, डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हापासून त्यांचं असंच. जेवलात का विचारलं तर जरा आठवून सांगायचे.

त्यातच त्यांना काम मिळालं. कालव्याकाठची बाग नव्यानं करायची होती. आराखडा करणाऱ्या कचेरीला फोटो हवे होते: कोण कुठे बसतं, काय करतं. दीड महिना, रोज तीनदा, त्याच जागा. लोक असतील तसे टिपायचे, एवढीच अट.

आमची जागा म्हणजे फिकसच्या झाडांखालची तीन बाकं. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आम्ही बायका तिथे जमायचो. सूर्यफुलाच्या बिया, थर्मासमधला चहा आणि सुनांची उणीदुणी. घराबाहेर फुकट बसता येईल अशी आम्हाला तेवढीच जागा होती. इनसाफही यायची.

उस्ताज आले आणि त्यांनी विचारलं, "फोटो काढू का?" बाईमाणसाचा फोटो न विचारता काढायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय.

आमच्यातली सनीया म्हणाली, "अहो, माझा नवरा अजून जिवंत आहे, त्यानं फोटो पाहिला तर! थांबा, उठतो आम्ही."

आम्ही थर्मास, पिशव्या, चपला गोळा करून झाडामागे गेलो. ते थांबले. शेवटची पिशवी हलल्यावर त्यांनी फोटो काढला. रोज हेच चाललं. किती सभ्य माणूस, म्हणून आम्ही त्यांना दुवा द्यायचो.

आराखडा फलकावर लागला, त्यात आमची बाकं नव्हती. तिथे कुंपण घातलेला कॅफे येणार होता. खाली कारण लिहिलं होतं: ही जागा वापरात नाही.

सनीयानं आरडाओरडा केला. हरकत नोंदवायला दोन दिवस उरले होते. आम्ही उस्ताजना हाताला धरून आणलं आणि सगळ्या ठाण मांडून बसलो, सनीया तर नवऱ्याला सांगून आली होती. त्यांनी कॅमेरा उचलला आणि म्हणाले, "हनुवटी जरा वर." आम्हीही केली! कचेरीतल्या साहेबानं ते फोटो पाहिले आणि परत केले. म्हणाला, "हे तर लग्नाचे फोटो आहेत. बायका मुद्दाम आणून बसवल्यात."

बाकं काढली त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. ते खुर्चीत बसले होते.

"उस्ताज, आमचं चुकलंच, आम्ही उठलो. पण तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की यांना बसा म्हणावं?"

"नाही."

"काहीच वाटलं नाही?"

"बरं वाटायचं, शिरीनच्या आई."

"आम्ही उठलो की बरं वाटायचं?"

"तुम्ही बसलेल्या असलात की तुमच्यात इनसाफ नसायची," ते म्हणाले. "तुम्ही गेलात की कुणीच नसायचं. ते सोपं होतं."

आवाज तोच, जेवलात का विचारल्यावर असायचा तो. मला संताप यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले, आणि असरची वेळ टळून गेली तरी मला कुठे जायचं नव्हतं.