फ्रॉकच्या चित्रातली सहा बटणं

टेलरआजींची जीभ त्यांच्या कात्रीहून धारदार आहे, हे सगळी गल्ली जाणून आहे. पण संग्रहालयातल्या एका काचेसमोर त्या चक्क नातीच्या मागे लपल्या. आत पासष्ट वर्षांपूर्वीचं फ्रॉकचं चित्र होतं, त्या शिवणकामाला होत्या त्या दुकानाच्या नामांकित साहेबांनी काढलेलं. फ्रॉक मोठा ऐटबाज, फक्त अंगात घालायला कुठून उघडतच नव्हता. तेव्हा विशीतल्या आजींनी समासात पेन्सिलीनं खरडलं होतं, ‘बाई आत शिरणार कशी?’ शिवाय पुढच्या बाजूला सहा बटणं काढून कागद साहेबांच्या टेबलावर टाकला आणि पळ काढला होता. साहेबांचं चित्र नासवलं, ही बोच त्यांच्या मनात तेव्हापासून होती.

“आजी, हे तुझंच अक्षर ना? कोंबडीचे पाय,” नात म्हणाली.

“हळू बोल गं. इथल्या लोकांनी ऐकलं तर पुसायला लावतील मला.”

“पुसतेस कशाला? खाली वाच.”

खाली साहेबांनी शाईनं लिहिलं होतं, ‘बरोबर आहे हिचं. यापुढे प्रत्येक चित्र आधी हिला दाखवा.’

“त्यानंतर प्रत्येक चित्र माझ्याकडे तपासायला यायचं, आणि मी मेली ते जास्तीचं काम शिक्षा समजत होते,” आजी म्हणाल्या. मग चष्मा पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि साहेबांना मनापासून हात जोडले.