हाडावरची किल्ली

विमलआत्याची आणि माझी शेवटची भेट झाली ती माझ्याच वॉर्डात. सकाळी ड्यूटीवर आले तर तिच्या पलंगाच्या पायथ्याशी पाटी अडकवलेली... 'एन.पी.ओ.' पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं, तोवर तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, आणि ही बाई मान उचलून ती पाटी वाचत होती! मला पाहून खुदकन हसली. "निल पर ओस... तोंडावाटे काही नाई. पाह्य वं पोरी, शेवटी माह्यावरही लॅटिन लिवलंच तुमी!" मी दटावलं, गप्प पडून राहा म्हटलं. आत्या आणि गप्प! ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढून ठेवावं लागतं. तिनं गळ्यातला काळा दोरा स्वतःच काढला, त्यातल्या घराच्या किल्लीसकट माझ्या मुठीत दिला आणि म्हणाली, "तुळशीले पाणी घालजो." त्या ऑपरेशनातून ती उठली नाही. महिना उलटून गेला, पण तशी पाटी हातात घेतली की आधी हसू येतं, आणि मग डोळे भरतात.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमचं मूळ घर गोंदियाकडचं, शेतीवालं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर लागले आणि पाठोपाठ आत्या इथल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला आली. लग्न केलं नाही. भिलाईतच, रिसालीत दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढे हातभर अंगण. लॅटिन तिला कोणी शिकवलं नव्हतं. झाडांच्या शास्त्रीय नावांपासून नाद लागला आणि तो काही सुटला नाही. अंगणातल्या एकेका झाडाला तिनं पत्र्याची पाटी लावली, वर देवनागरीत रंगवलेलं लॅटिन नाव. तुळशीच्या पाटीवर 'ओसिमम सॅन्क्टम'. शेजारच्या बायकांना वाटलं, मास्तरीणबाईंनी कुठलासा मोठा मंत्र लिहून घेतलाय. सकाळी तुळशीला पाणी घालायला आल्या की त्या पाटीलाही हळदकुंकू लावायच्या. मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले, तर आत्या माझ्यावरच उखडली. "कावून हासून राहिली वं? सॅन्क्टम म्हणजे पवित्र. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं जन्मात कधी तुळशीपुढं दिवा लावला नसंन, तरी पवित्रच म्हटलं. अन् ह्या बायांनी न वाचता ते ओळखलं. मंग चुकलं कोन?" ते कुंकू तिनं कधी पुसलं नाही.

बारावीनंतर मी नर्सिंगला गेले. शाळा सगळी हिंदीत, मराठी फक्त घरात, आणि समोर शरीररचनेचं ते जाडजूड पुस्तक! वर्गातल्या इंग्रजी शाळांतल्या पोरी फाडफाड वाचायच्या, माझी जीभ पहिल्याच हाडाला अडखळायची. दिवाळीच्या आधीच मी होस्टेलवर बॅग भरली आणि घरी न जाता रिसालीला आले. घरी काय वाढून ठेवलंय ते ठाऊक होतं. काकांनी मुलगा पाहून ठेवला होता. शिक्षण सुटलं की उन्हाळ्यात लग्न, हे ठरलेलंच होतं. तरी म्हटलं, "आत्या, मले नाई जमत. बाबांले तूच सांग."

तिनं समजूत घातली नाही की पाठीवर हात फिरवला नाही. गळ्यातली किल्ली काढली आणि माझ्या गळ्याखालच्या आडव्या हाडावर ठेवली. "ह्याचं नाव?" मी रडतच म्हटलं, क्लॅव्हिकल. "म्हणजे छोटी किल्ली." मग स्वयंपाकघरातून ताटली आणून माझ्या गुडघ्यावर ठेवली... पॅटेला, छोटी ताटली. कमरेचं हाड पेल्व्हिस म्हणजे पसरट भांडं, म्हणून परात मांडीवर आली. नडगीचं हाड टिबिया, म्हणजे पावा. "आता दंड फुगव. पाह्यलं? मसल म्हणजे छोटा उंदीर, तो पाह्य कसा पळून राहिला कातडीखालून!" परात मांडीवर घेऊन मी रडता रडता हसत होते. "अवं, मानूस अख्खं बिऱ्हाड अंगात घेऊन फिरते," ती म्हणाली, "अन् तू हाडाले भेतं?"

मग चहा ठेवता ठेवता तिनं जे सांगितलं ते मी आजही विसरलेले नाही. "त्या पोरींच्या घरी लॅटिन बोलतात का? आता जगात कोनतीच माय लेकराले ह्या भाषेत हाक मारत नाई. म्हणून ते कोनाच्या बापाची नाई. सगळेच पाहुणे. तू बी पंगतीत बस." त्या संध्याकाळी तिनं मला ही भाषा कुठे कुठे दाखवली! बाबांच्या भट्टीतलं लोखंड रसायनशास्त्रात 'एफ-ई', म्हणजे फेरम. पेपरात कोर्टानं स्वतःहून दखल घेतली ती 'सुओ मोटू'. तिच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवरचं 'पी.सी.' म्हणजे जेवणानंतर. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. मेलेली म्हणतात ती भाषा, आणि कोर्टात उभी राहते, भट्टीत वितळते, आजाऱ्याला जेवलास का म्हणून विचारते... आणि आमच्या रिसालीच्या अंगणात तिला रोज कुंकू लागतं! मी अक्षरशः थक्क झाले. दुसऱ्या दिवशी तीच बॅग उचलून होस्टेलला परत गेले. लग्नाचं पुढे आत्यानंच निस्तरलं. काय बोलली ते बाबांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

आता ड्यूटी संपली की मी रिसालीला जाते. परवा गेले तर तुळशीच्या पाटीवर ताजं कुंकू होतं. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "बाई नाई तर काय झालं, मंत्र तर हाये ना." मी मान डोलावून 'हाव' म्हटलं. पाणी घातलं, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या बोटानं त्या पाटीला कुंकू लावलं. मग कुलूप घालून दोरा पुन्हा गळ्यात घातला. किल्ली घसरत जाऊन बरोबर त्या हाडावर टेकली. आधी गार लागली... बसस्टॉपपर्यंत पोचेस्तोवर माझ्या अंगाइतकी ऊन झाली होती.