सासूबाईंनी निंदलेली कांद्याची पात

मैत्रिणींनो, आज सकाळी सासूबाई गच्चीवरून खूश होऊन उतरल्या. "कुंडीतलं सारं गवत निंदून टाकलं वं!"

वर जाऊन पाहते तर गवत जागेवर अन् माझी कांद्याची पात मुळासकट उपटलेली! असा राग आला ना मले. चांदूर बाजारच्या शेतात जन्मभर निंदण केलेली बाई, पात ओळखत नाही?

खाली आले तर त्या बोटं हुंगत होत्या. "हाताले कांद्याचा वास काहून येऊन राहिला?"

तेव्हा समजलं. त्यायले दिसूनच नाही राहिलं.

त्याच पातीचं बेसन केलं. जेवताना म्हणाल्या, "लय कोवळी उपटली वं. थोडं थांबाले पाह्यजे होतं."

"चुकलंच माझं, आई."

उद्या त्यायले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेते. काहून नेते, हे कसं सांगू त्यायले?