आतल्या घडीतला पदर

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका जुन्या दगडी इमारतीची लिफ्ट माझ्या ताब्यात होती; चालवणारा मी आणि मेकॅनिकही मीच. वरच्या मजल्यावर संग्रहालय होतं आणि तिथे काचेच्या कपाटात माझ्या वडिलांनी विणलेलं एक लुगडं ठेवलं होतं. वडील तोवर गेले होते. ते लुगडं बघायचं तर आईला घेऊनच, असं मी ठरवलं होतं. म्हणून रोज वरखाली करूनही त्या दालनात पाऊल टाकलं नव्हतं. स्वभावच हट्टी, काय करणार.

आईचे गुडघे कामातून गेले होते. जन्मभर जमिनीवर बसून तिनं वडिलांच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. जिना तिला झेपणारा नव्हता. शेवटी एकदा तिला यायला सांगितलं आणि नेमक्या त्याच सकाळी लिफ्टच्या पोलादी दोराच्या तारा तुटलेल्या दिसल्या. मी दाराला कुलूप घालून पाटी लावली. घरी निरोप पाठवणार, तोच आई माझ्या बायकोबरोबर रिक्षातून उतरली.

संग्रहालयाचे साहेब तसे भले. एका म्हातारीनं काय होतंय, मार एक फेरी, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. तेव्हा बाकावरून आई बोलली, "साहेब, ज्याचं काम हाय त्यानं नाही म्हटलं, त नाही." विषय तिथेच मिटला. खुर्चीत बसवून वर नेतो म्हटलं, तर चौघांनी उचलायची वेळ अजून यायची आहे, म्हणाली.

मग बायको एकटीच वर जाऊन बघून आली. रंग सांगितला, काठ सांगितला. आईनं एवढंच विचारलं, पदर दिसतो का? नाही, तो आतल्या घडीत होता. आई निघायला उठली.

रिक्षात बसताना तिनं मला जवळ बोलावलं. "पदर म्या इनला हाय गा. तुह्या बापाले ताप होता, अन् गिऱ्हाईक दारात. कोनाले सांगतलं नाही." आमच्या घरी बाई मागावर बसत नसे.

नवा दोर आला तेव्हा आई नव्हती. राग कोणावर काढावा तेही कळेना, आणि त्याचाच जास्त राग आला.

दोर बदलला की आधी वाळूची पोती वर न्यायची, मग मेकॅनिकनं एकट्यानं जायचं, त्यानंतर लोकांना घ्यायचं. माझ्या त्या फेरीत मी वर गेलो आणि पहिल्यांदा त्या कपाटापुढे उभा राहिलो. रडू आलं. मग साहेबांना सगळं सांगितलं. ते किल्ली घेऊन आले, काच सरकवली आणि घडी तूच बदल म्हणाले. मी ग्रीसचे हात साबणानं दोनदा धुऊन आलो.

कपाटातल्या चिठ्ठीवर वडिलांचंच नाव राहिलं, मीही बदला म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून लिफ्टनं वर येणाऱ्या माणसाला आधी पदर दिसायचा.